तीन डायल्यूशन, तीन उत्तरे: अमायलेजची ॲक्टिव्हिटी कोणती धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाचणीला मोड आणले, ती वाळवून दळली, पिठाचा फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) अर्क काढला आणि त्यातल्या अमायलेजची, म्हणजे स्टार्च तोडून माल्टोज ही साखर बनवणाऱ्या एन्झाइमची, ॲक्टिव्हिटी डीएनएसए पद्धतीने (साखरेमुळे डायनायट्रोसॅलिसिलिक ॲसिडचा बदललेला रंग वाचून) मोजली. नळीत अर्धा मिली अर्क, अर्धा मिली एक टक्का स्टार्च, पीएच ६.९, ३७ अंश सेल्सिअस, ३० मिनिटे. अर्काची स्वतःची साखर वजा केल्यावर पातळ न केलेल्या अर्काच्या नळीत ३.६ मिलिग्रॅम माल्टोज आले, दहापट पातळ केलेल्यात २.४ आणि पन्नासपट पातळ केलेल्यात ०.६. त्यावरून मूळ अर्काची ॲक्टिव्हिटी काढली तर ०.७०, ४.६८ आणि ५.८५ युनिट प्रति मिली. लॅबमधले सीनियर म्हणतात तिन्हींची सरासरी टाक. तुम्ही विचारता, टाकू का?

नका टाकू. ती सरासरी ३.७ येते आणि तुमच्या अर्काशी तिचा काही संबंध नाही. हाताची चूक असती तर आकडे वरखाली विखुरले असते. तुमचे आकडे एकाच दिशेने चढत गेले आहेत आणि शेवटी-शेवटी चढायचे थांबत आहेत. असा नियमितपणा दिसला की त्यामागे कारण असते, आणि ते शोधायचे सोडून सरासरी काढली तर ते कारणच पुसून टाकल्यासारखे होते.

मी भोसरीत एन्झाइम बनवणाऱ्या कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बरीच वर्षे काढली आणि आता पुण्यातच विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल्स घेतो. हाच घोळ दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात पाहिला आहे, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

एन्झाइम वजनाने मोजत नाहीत, कामाने मोजतात. तुमच्या अर्कात शेकडो प्रथिने आहेत. त्यात अमायलेज किती मायक्रोग्रॅम हे तुम्हाला माहीत नाही आणि साध्या मार्गाने कळणारही नाही. बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्टच्या पेशी फोडून नुसत्या रसाने साखर आंबवून दाखवली आणि समनर यांनी १९२६ मध्ये युरिया तोडणाऱ्या युरिएजचे स्फटिक मिळवून एन्झाइम हे प्रथिन असते हे दाखवले. मधल्या काळात एन्झाइम म्हणजे नेमका कोणता पदार्थ हेच ठरलेले नव्हते, तरी लोक ते मोजत होते, कारण त्याचे काम दिसत होते. आजही एक युनिट म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत मिनिटाला एक मायक्रोमोल सबस्ट्रेटचे (एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थाचे, इथे स्टार्चचे) रूपांतर करण्याइतके एन्झाइम. या व्याख्येत ‘मिनिटाला’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. ॲक्टिव्हिटी म्हणजे वेग. अर्ध्या तासाने नळीत किती माल साठला ते नव्हे.

स्वारगेटहून कात्रजला निघालेल्या तीन बस डोळ्यांसमोर आणा. अर्ध्या तासाने तुम्ही फक्त एवढेच पाहिले की कोण कुठवर पोचले, तर जी बस केव्हाच डेपोत जाऊन उभी राहिली आहे तिचाही वेग तुम्ही अंतर भागिले तीस मिनिटे असाच काढाल आणि तो खऱ्यापेक्षा फार कमी येईल. तुमची पहिली नळी ही ती उभी राहिलेली बस आहे.

हे तुमच्याच आकड्यांवरून तपासता येते. एक टक्का स्टार्चचा अर्धा मिली म्हणजे ५ मिलिग्रॅम स्टार्च. स्टार्चमधल्या दोन ग्लुकोज कड्यांचे वजन ३२४, पाण्याचा एक रेणू धरून माल्टोजचे ३४२. म्हणजे सगळ्याच्या सगळ्या स्टार्चचे माल्टोज झाले तरी ते ५.२८ मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. आता तुमच्या पन्नासपट पातळ नळीचा आकडा, ५.८५ युनिट, खरा धरा. तसे असेल तर पातळ न केलेल्या अर्धा मिली अर्काने मिनिटाला सुमारे २.९ मायक्रोमोल, म्हणजे बरोबर एक मिलिग्रॅम माल्टोज तयार करायला हवे. तीस मिनिटांत तीस मिलिग्रॅम. पाच मिलिग्रॅम स्टार्चमधून तीस मिलिग्रॅम माल्टोज कुठून येणार? ती नळी पहिल्या काही मिनिटांतच दमली. उरलेला वेळ एन्झाइम हातात काम नसल्याने बसून होते आणि तुम्ही तो सगळा वेळ भागाकारात धरलात.

पातळ न केलेल्या नळीत शक्य असलेल्या माल्टोजपैकी ६८ टक्के तयार झाले, दहापट पातळमध्ये ४५ टक्के, पन्नासपट पातळमध्ये ११ टक्के. आमच्याकडे सबस्ट्रेटच्या दहा टक्क्यांपुढे गेलेले रीडिंग ॲक्टिव्हिटीच्या हिशेबात घेत नसू. हा काही निसर्गनियम नाही. कोणत्या एन्झाइमसाठी पाच टक्केही जास्त होतात तर कुठे पंधरालाही रेषा सरळ राहते. पण ४५ आणि ६८ टक्के कुठेच चालत नाहीत.

वेग मंदावतो तो केवळ स्टार्च संपते म्हणून नाही. तयार झालेले माल्टोज आणि छोटे तुकडे एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतात आणि जागा अडवतात. आधी सोपे बंध तुटतात, मग स्टार्चच्या साखळीला फुटलेल्या फांद्यांजवळचे अवघड बंध उरतात, आणि खुद्द फांदीचे बंध तर अल्फा-अमायलेजला (अमायलेजचा एक प्रकार) तोडताच येत नाहीत. ३७ अंशाला अर्धा तास ठेवल्यावर एन्झाइमही थोडे मरते. हे सगळे परिणाम वेळ जाईल तसे वाढतात. सुरुवातीच्या क्षणी मात्र यातले काहीच झालेले नसते, म्हणून सुरुवातीचा वेग हाच एन्झाइमचा खरा वेग. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये साखर तोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर जे काम केले त्याची खरी ताकद इथे होती. त्यांच्याआधी हेन्री यांनी सबस्ट्रेटचे प्रमाण आणि वेग यांचे नाते सांगणारे जवळपास तसेच समीकरण मांडले होते, पण मायकेलिस-मेंटेन यांनी पीएच बफरने धरून ठेवला आणि सुरुवातीचा वेग वापरला. पीएचची मोजपट्टीही त्याच्या थोडी आधी, १९०९ मध्ये, सोरेनसेन यांनी एन्झाइमवर काम करतानाच बनवली होती. एन्झाइमच्या अभ्यासातली निम्मी प्रगती ही मोजण्याची शिस्त लागल्यामुळे झाली असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

आता करायचे काय ते सांगतो. पन्नासपट पातळ अर्क एका मोठ्या नळीत जास्त प्रमाणात स्टार्चबरोबर मिसळा. मिसळण्याआधी दोन्ही वेगवेगळे वॉटर बाथमध्ये ३७ अंशाला येऊ द्या. मग ०, ३, ६, ९, १२, १५, २० आणि ३० मिनिटांना त्यातून एक-एक मिली काढून थेट डीएनएसएच्या नळीत टाका. डीएनएसएमधल्या सोडियम हायड्रॉक्साइडमुळे एन्झाइम तिथल्या तिथे थांबते, हे या पद्धतीचे मोठे सुख आहे. वेळ आडव्या अक्षावर आणि माल्टोज उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. जिथपर्यंत रेषा सरळ आहे तेवढाच भाग तुमचा. तिचा चढ म्हणजे वेग. मग शंभरपट आणि दोनशेपट पातळ करून हेच पुन्हा करा. एन्झाइम निम्मे केले की चढ निम्मा व्हायला हवा. शंभरपटला तीस मिनिटांत ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास आले तर पन्नासपटचा ५.८५ हा आकडा निर्धास्तपणे लिहा. वेळेला सरळ आणि एन्झाइमच्या प्रमाणालाही सरळ, या दोन्ही गोष्टी दिसल्याशिवाय कोणत्याही आकड्यापुढे ‘युनिट’ हा शब्द लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

इथे एक शंका मी मुद्दाम काढतो, कारण तुमचे धान्य नाचणी आहे. नाचणीच्या लाल-तपकिरी टरफलात पॉलिफिनॉल (वनस्पतींतले तुरट पदार्थ) भरपूर असतात आणि ते अमायलेजला अडवतात. त्यामुळे पातळ न केलेल्या अर्कात एन्झाइमबरोबर त्याचा अडथळाही दाट असतो. पातळ केले की अडथळा विरळ होतो आणि ॲक्टिव्हिटी वाढल्यासारखी दिसते. म्हणजे तुमच्या चढत्या आकड्यांना दोन कारणे असू शकतात, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. स्टार्च संपणे हे तर नक्कीच आहे. अडथळाही आहे का ते असे कळेल: पातळ न केलेला अर्क घ्या आणि फक्त अर्धा मिनिट चालवा. वरच्या हिशेबाने अर्ध्या मिलिग्रॅमच्या जवळ माल्टोज यायला हवे. तेवढे आले तर पॉलिफिनॉलची काळजी सोडा. बरेच कमी आले तर अडथळा आहे. मग अर्क काढतानाच पॉलिव्हिनाइल पॉलिपायरोलिडोन घाला, ते पॉलिफिनॉल धरून ठेवते, आणि गाळून पुढे जा. अर्धा मिनिट पिपेटने पकडणे अवघड वाटेल, पण एकाने स्टॉपवॉच आणि दुसऱ्याने पिपेट धरली की सहज जमते.

उलट बाजूचीही काळजी घ्या. एन्झाइम फार पातळ केले की ते काचेला चिकटते आणि कॅल्शियम गमावते. अल्फा-अमायलेजचा सांगाडा कॅल्शियमने धरलेला असतो, म्हणूनच कॅल्शियम ओढून घेणारे ईडीटीए टाकले की ते निकामी होते. तेव्हा पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर वापरू नका, कॅल्शियम क्लोराइड घातलेला बफर वापरा. आणि तो बफर फॉस्फेटचा नको, कारण फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की पाणी गढूळ होते.

बफरवरून पीएचवर येतो. ६.९ पीएच आणि फॉस्फेट ही कृती तुम्ही लाळेच्या अमायलेजच्या प्रॅक्टिकलवरून उचललेली दिसते. लाळेतल्या एन्झाइमला ते मानवते, त्यात मीठही घालतात कारण त्याला क्लोराइड लागते. धान्याच्या मोडातली अमायलेजे मात्र साधारण पाच ते साडेपाच पीएचला जोरात असतात. ॲसिटेट बफर, पीएच ५ च्या पुढेमागे, त्यात थोडे कॅल्शियम, अशी मांडणी करून पाहा. ॲक्टिव्हिटी वाढली तर नवल नाही. मात्र आधीचे आकडे आणि हे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

तापमानाबद्दल एकच सांगतो: ‘रूम टेम्परेचर’ हा शब्द प्रबंधात लिहू नका. आपल्याकडे जानेवारीत सकाळची लॅब आणि एप्रिलमध्ये दुपारची लॅब यांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडू शकतो, आणि बहुतेक एन्झाइमचा वेग दहा अंशांना जवळपास दुप्पट होतो.

डीएनएसएबद्दल थोडे जास्त बोलायला हवे, कारण बहुतेकांचे आकडे तिथे घसरतात. हे रसायन साखरेसाठी वापरात आणले ते याच समनर यांनी, मधुमेहींच्या लघवीतली साखर मोजायला. मिलर यांनी १९५९ मध्ये त्यात सुधारणा केली, आणि तीच कृती आज सगळीकडे चालते. साखरेच्या रेणूचे मोकळे टोक डीएनएसएमधल्या एका नायट्रो गटाचे अमिनो गटात रूपांतर करते, पिवळा रंग नारिंगी-तपकिरी होतो आणि तो ५४० नॅनोमीटरला वाचायचा. पण हे ‘टोक मोजणे’ तंतोतंत नाही. एक मोल ग्लुकोज आणि एक मोल माल्टोज यांचा रंग सारखा येत नाही. म्हणून स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या साखरेच्या प्रमाणांवरून काढलेला रंगाचा आलेख) ग्लुकोजचा काढून उत्तर माल्टोजमध्ये लिहिणे बरोबर नाही. तुम्ही माल्टोजचाच काढला आहे, ते योग्य. अगदी कमी साखरेला डीएनएसए दाद देत नाही, कर्व्ह शून्यातून जात नाही. तुमची शंभरपट पातळ नळी त्या पट्ट्याच्या जवळ जाईल, तेव्हा कर्व्हचे खालचे बिंदू ०.१, ०.२, ०.३ मिलिग्रॅम असे दाट घ्या. सगळ्या नळ्या एकाच स्टँडमध्ये एकदम उकळत्या पाण्यात सोडा, एकदम बाहेर काढा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय रीडिंग घेऊ नका. गरम नळीचा रंग वेगळा वाचला जातो. कर्व्ह त्याच दिवशीचा, त्याच बाटलीतल्या रसायनाचा हवा.

अर्काची स्वतःची साखर वजा केली म्हणता, पण कशी ते लिहिले नाही. मोड आलेल्या धान्यात तयार साखर पुष्कळ असते, त्यामुळे हे महत्त्वाचे आहे. योग्य रीत अशी: नळीत स्टार्च, मग डीएनएसए, आणि सगळ्यात शेवटी अर्क. अर्क पडतो त्या क्षणी एन्झाइम थांबलेले असते, पण साखर, रंग, स्टार्च सगळे खऱ्या नळीसारखेच असते. प्रत्येक डायल्यूशनला असा स्वतंत्र ब्लँक, म्हणजे वजा करायची तुलनेची नळी. नुसत्या पाण्याचा ब्लँक इथे चालत नाही.

स्टार्च रोज ताजे उकळा. फ्रिजमधले कालचे स्टार्च परत घट्ट होऊन त्याचे कण बसतात आणि एन्झाइमला ते नीट भेटत नाहीत. प्रमाण किती ठेवायचे हे केएमवर, म्हणजे एन्झाइम कमाल वेगाच्या निम्म्याने चालते त्या सबस्ट्रेट-प्रमाणावर, अवलंबून आहे. सबस्ट्रेट केएमइतके असेल तर निम्माच वेग मिळतो, दहापट असेल तर ९१ टक्के. स्टार्च फार वाढवले की ते पिपेटमध्ये चढत नाही, म्हणून सगळे एक टक्क्यावर तडजोड करतात. चालेल, फक्त ते प्रमाण लिहा.

तुम्ही शेवटी विचारले आहे की बाजारातून आणलेल्या अमायलेजच्या बाटलीवरचे युनिट आणि तुमचे युनिट जुळत नाही. जुळणार नाहीच. अमायलेजची युनिटे डझनभर आहेत. एक प्रचलित व्याख्या पाहा: २० अंशाला, पीएच ६.९ ला, तीन मिनिटांत एक मिलिग्रॅम माल्टोज सोडवणारे एन्झाइम म्हणजे एक युनिट. हिशेब केला तर ते मिनिटाला ०.९७ मायक्रोमोल पडते, म्हणजे आपल्या नेहमीच्या युनिटच्या जवळच. पण २० अंशाला. तीच बाटली ३७ अंशाला मोजली की आकडा फुगतो आणि विद्यार्थ्याला वाटते, कंपनीने जास्त माल दिला. १९९९ पासून कॅटल हे सेकंदाला एक मोलचे अधिकृत एकक आहे, एक युनिट म्हणजे १६.६७ नॅनोकॅटल. तरी पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतले एन्झाइम) अजून युनिट प्रति लिटरमध्येच येते. तिथेही मोजतात तो वेगच: दुसऱ्या एका एन्झाइमची जोड देऊन एनएडीएच नावाचे रसायन किती झपाट्याने कमी होते ते ३४० नॅनोमीटरला वाचतात. रंग सतत वाचत राहण्याची सोय असल्याने तिथे रेषा सरळ आहे की नाही ते यंत्राच्या पडद्यावरच दिसते. आपल्याला डीएनएसएमध्ये ती नळ्या भरून स्वतः काढावी लागते, एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र तुमच्या उद्देशावर अवलंबून आहे आणि तो तुम्ही सांगितलेला नाही. कितव्या दिवसाच्या मोडात अमायलेज जास्त, एवढेच बघायचे असेल तर वरची पद्धत पुरेशी आहे. एन्झाइम शुद्ध करायचे असेल तर प्रत्येक पायरीला प्रथिनेही मोजा आणि प्रति मिलिग्रॅम प्रथिन युनिट लिहा. पण बाळाच्या नाचणी सत्त्वासाठी हे काम चालले असेल, म्हणजे लापशी पातळ व्हावी आणि तरी तिच्यात पीठ जास्त मावावे हा हेतू असेल, तर डीएनएसए तुम्हाला चुकीच्या गोष्टीकडे नेईल. लापशी पातळ करते ती अल्फा-अमायलेज. ती लांब साखळी मधेच तोडते, त्यात नवी टोके थोडीच तयार होतात पण दाटपणा झपकन उतरतो. बीटा-अमायलेज टोकाकडून माल्टोज तोडत जाते, तिची टोके भरपूर, पण दाटपणावर परिणाम कमी. डीएनएसए दोघींना एकत्र मोजते. तेव्हा लापशीसाठी दाटपणा किंवा आयोडीनचा निळा रंग किती वेगाने जातो ते मोजा. फक्त अल्फाच हवी असेल तर धान्याच्या मोडासाठी जुनी रीत आहे: कॅल्शियम घालून अर्क ७० अंशाला पंधरा मिनिटे ठेवायचा, बीटा मरते आणि अल्फा बरीचशी टिकते. नाचणीत अल्फा किती टिकते ते आधी एकदा स्वतः तपासून घ्या.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी अर्ध्या मिनिटाची पातळ न केलेली नळी, मग पन्नासपटचा वेळेचा आलेख, मग शंभर आणि दोनशेपट, आणि त्यानंतरच नव्या पीएचची मांडणी. सगळे एकदम बदलले तर कशामुळे काय झाले ते कळणार नाही. अर्क उरला असेल तर बर्फात ठेवा आणि पहिल्या दोन पायऱ्या त्याच अर्कावर करा, नवा अर्क काढला तर जुन्या तीन आकड्यांशी तुलना करता येणार नाही. सीनियरना ५.२८ मिलिग्रॅमचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. अर्ध्या मिनिटाच्या नळीत किती आले ते कळवा, पॉलिव्हिनाइल पॉलिपायरोलिडोन मागवायचे की नाही हे त्या एका आकड्यावरून ठरेल.